आयबीएससाठी नाकारलेली डिसेबिलिटी पेन्शन अपिलात मिळू शकते का?

तुम्ही विचारलंय: वडील २०२१ मध्ये सेनेतून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा विकार), २० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी असं लिहिलं, पण ‘सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत बळावलेलाही नाही’ असा शेरा मारला. त्यावरून डिसेबिलिटी पेन्शन नाकारली गेली आणि ते पत्र आजवर तसंच पडून आहे. आता अपील करण्यात अर्थ आहे का, आणि नेटवर वाचलं तसं खासगी डॉक्टरचं पत्र जोडावं का?

अर्थ नक्की आहे. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्तीनंतर आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांचे बोर्डाचे कागद वाचून देतो, त्या अनुभवावरून सांगतो.

डॉक्टरच्या पत्राचं आधी. नेटवर सापडणारी तसली बरीचशी माहिती अमेरिकेची असते. तिथे १९९० नंतर आखाती युद्धाच्या क्षेत्रात सेवा केलेल्यांचा आयबीएस सेवेशी जोडलेलाच आहे असं कायदा धरून चालतो. आपल्याकडे आयबीएससाठी असा सरसकट नियम नाही. इथे सगळी मदार सेवेतल्या कागदांवर असते. निवृत्तीनंतर घेतलेलं पत्र जोडायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

बहुतेक जण अपिलात वडिलांना किती त्रास होतो हे पानंच्या पानं लिहितात. त्रास खरा असतो, पण वाद त्याबद्दल नसतोच. आजार आहे आणि तो २० टक्के आहे हे बोर्डाने स्वतःच मान्य केलंय. आयबीएसमध्ये कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी नॉर्मलच येतात, म्हणून रिपोर्टमध्ये काही नाही याची धास्ती घेऊ नका. तुम्हाला उत्तर द्यायचंय ते एकाच शेऱ्याला, आणि ते पोस्टिंगच्या नोंदींतून द्यायचंय.

त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा. वडील मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर अर्ज बेळगावला जाईल. एएफएमएसएफ-१६ म्हणजे रिलीज बोर्डाची पूर्ण कार्यवाही, वैद्यकीय कॅटेगरी खाली आली तेव्हाच्या बोर्डांचे सगळे एएफएमएसएफ-१५, दवाखान्यात भरती झाल्याचे कागद, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि पोस्टिंगचा तपशील, एवढं मागा.

कागद हातात आले की तारखा लावत बसा. पोटाची पहिली तक्रार कधी, कुठे नोंदली गेली? त्याआधी आमांश किंवा गॅस्ट्रोने भरती झाले होते का? हे मी मुद्दाम विचारतोय. जोरदार संसर्गानंतर काहींचं आतडं पूर्ववत होतच नाही आणि आयबीएस मागे राहतो, हे वैद्यकशास्त्रात मान्य आहे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली दूषित पाण्याने साथ आली; पुढे वर्षानुवर्षं पाहणी झाली, तेव्हा बाधित लोकांत आयबीएसचं प्रमाण जास्त दिसलं. वडिलांच्या कागदांत फील्ड एरियातली अशी एक भरती आणि त्यानंतर पी-२ (म्हणजे खाली आलेली वैद्यकीय) कॅटेगरी असा क्रम दिसला, तर तोच तुमच्या अपिलाचा कणा. तसा क्रम नसला, तरी आजार सुरू झाल्यावर पुन्हा फील्डमध्ये किंवा दहशतवादविरोधी भागात पोस्टिंग झालं का ते बघा. आजार सेवेत ‘बळावला’ एवढं सिद्ध झालं तरी पुरतं, तो सेवेमुळेच झाला असं दाखवावं लागत नाही.

आजार पीस स्टेशनला सुरू झाला, म्हणून तो सेवेशी जोडलेला नाही, असं कारण बोर्ड फार वेळा लिहितं. हे वाचलं की मला आजही राग येतो. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवांच्या १९८३ च्या नियमावलीत कलम ४२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की कारण फील्डमध्ये घडलं की शांततेच्या ठिकाणी, याने फरक पडत नाही. अपिलात त्या कलमाचा उल्लेख करा.

दुसरा आधार म्हणजे धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, संशयाचा फायदा त्याला द्यायचा आणि बोर्डाने कारणं लिहायची, असं त्यात आहे. तुमच्या एएफएमएसएफ-१६ मध्ये कारणाच्या जागी एखादी ठोकळेबाज ओळ असेल तर हा निकाल थेट कामाचा. मात्र तो पेन्शनच्या पात्रतेच्या १९८२ च्या नियमांवरचा आहे. वडिलांना लागू होणाऱ्या २००८ च्या नियमांत आजार नुसता सेवेत दिसला म्हणजे तो सेवेमुळे ठरत नाही, असंही लिहिलंय. म्हणून निकालासोबत तारखांचा क्रम हवाच. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना आणखी नवे नियम लागतात, ते हे उत्तर वाचून अपील करत असतील तर आधी ते नियम बघावेत.)

पहिलं अपील नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळलं तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. तुमची मुदत उलटलीय, तेव्हा उशिराचं कारण लिहून माफी मागावी लागेल. पेन्शनचा हक्क दर महिन्याचा असल्याने उशिरामुळे दार सहसा बंद होत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे दाव्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, त्यामागची बुडते.

बोर्डाने २० टक्के लिहिलेत हे तुमचं मोठं बळ आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला २० च्या खाली टक्केवारी असेल तर काही मिळत नाही. २० असेल आणि आजार सेवेशी जोडला गेला, तर राउंडिंगने ती ५० धरतात. राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, या हिशेबाने वडिलांना १५ टक्के आयुष्यभर मिळतील, सर्व्हिस पेन्शनच्या वर.

अपिलाचा मसुदा लिहिताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, तिथे मार्गदर्शन फुकट मिळतं. न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर मात्र लष्करी पेन्शनची प्रकरणं चालवणाराच वकील बघा. आरटीआयचा अर्ज याच आठवड्यात टाका, कारण वर म्हटलं तशी थकबाकी दर महिन्याला एकेका महिन्याने कमी होतेय.