सर्व्हिस कोणाची आणि चावी कोणाकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा जणांची टीम, ४० सर्व्हिसेस (सर्व्हरवर चालणारे छोटे प्रोग्रॅम), कुठली कोणाची याची एक्सेल शीट एकीकडे आणि प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचे, ॲक्सेस दुसरीकडे. दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

मेळ घालत बसूच नका. सातबाऱ्यावर मालक सातमध्ये, पीक बारामध्ये, पण गट नंबर एकच असतो. तसा एकच नंबर इथे लागतो.

वाळूजला एका कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. रात्री दीडला पेमेंटची क्यू, म्हणजे कामांची रांग, तुंबली. शीटमध्ये ज्याचं नाव, त्याला फोन लावला. तो गंगाखेडला, गावी. "दादा, मला कंपनी सोडून आठ महिने झाले की!" पण पोरगं भलं. हॉटस्पॉट लावला, लॉगिन केलं, दहा मिनिटांत कन्झ्युमर (रांगेतली कामं उपसणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करून दिला. आम्ही हुश्श केलं. मग चहाच्या टपरीवर एकाने हळूच विचारलं, "याची चावी अजून चालते कशी?"

तर तुमचा गट नंबर म्हणजे आयडेंटिटी प्रोव्हायडरमधला (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणाऱ्या सिस्टिममधला) ग्रुप. बॅकस्टेजसारख्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हिसेसची यादी ठेवणाऱ्या टूलमध्ये, ओनर म्हणून माणूस नको, तोच ग्रुप लिहा. कुबरनेटीसमध्ये (सर्व्हरवर सर्व्हिसेस चालवणारी सिस्टिम) युजर नावाची वस्तूच नसते. ओआयडीसी टोकनमधून, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल पासमधून, ग्रुप येतो. रोलबाइंडिंगमध्येही (कोणाला कुठला हक्क, ही तिथली नोंद) तेच नाव टाका. माणूस गेला की ग्रुपमधून काढायचा, दोन्हीकडचा हिशोब मिटला.

इथे आमचा अख्खा दिवस गेला होता: कीक्लोक (एक आयडेंटिटी प्रोव्हायडर) ग्रुपचा पूर्ण पाथ पाठवतं, म्हणजे नावाआधी एक तिरकी रेघ येते. नाव जुळत नाही, ॲक्सेस मिळत नाही, आणि आपण उगाच रोल तपासत बसतो. मॅपरमधलं (टोकनमध्ये काय जायचं ते ठरवणारं सेटिंग) 'फुल ग्रुप पाथ' बंद करा.

दुसरं, ग्रुपमधून काढलं तरी हातातलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. मुदत लहान ठेवा. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) जुन्या ॲक्सेस की तर आपण बंद करेपर्यंत चालूच राहतात; त्या आधी शोधून काढा आणि रोलवर, म्हणजे तात्पुरती चावी देणाऱ्या सोयीवर, या.

मालकी आहे म्हणून सगळ्या ग्रुपला कायमचं ॲडमिन करू नका, राव. लॉग बघायला कायम, हात लावायला तासाभरापुरतं, आणि ती मंजुरी ओनर ग्रुपने द्यायची. रात्रीच्या ऑन-कॉलसाठी आणीबाणीचा एक रस्ता ठेवा, पण तो वापरला की चॅनलवर मेसेज पडलाच पाहिजे.

हे करताना काही सर्व्हिसेसना वालीच निघणार नाही. त्यांच्यापुढे गुपचूप 'डेव्हऑप्स' लिहून मोकळे होऊ नका, नाहीतर सगळी ओझी तुमच्याच गळ्यात. यादी करून मॅनेजरसमोर ठेवा: एक तर मालक द्या, नाहीतर बंद करायची तारीख द्या.