इंग्लंडहून आणलेली स्मोक्ड कॉड रो आपल्या गाबोळीसारखी तळून खाता येते का? ती पौष्टिक असते का?

तुमचा प्रश्न वाचला. भावाने इंग्लंडहून स्मोक्ड कॉड रोचं, म्हणजे कॉड नावाच्या माशाच्या धूर दिलेल्या गाबोळीचं (अंड्यांचं), पाकीट आणलंय, घरात सासऱ्यांना बीपी आहे, वहिनी गरोदर आहे, आणि तुम्हाला ते गाबोळीसारखं मसाला लावून तळायचंय. मी मूळची मालवणची, आधी दोन वर्षं नॉर्वेत स्तावांगरला होते आणि आता बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला आहे, त्यामुळे आपली गाबोळी आणि ही धुरातली गाबोळी दोन्ही हाताखालून भरपूर गेल्यात.

सगळ्यात आधी पाकीट उलटं करून बघा. त्यावर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असेल आणि ते विमानाच्या बॅगेत पंधरा-वीस तास बाहेर राहिलं असेल तर प्लीज खाऊ नका. वास चांगला येत असला तरी नको. मनाला लागतं, एवढ्या लांबून आणलेलं टाकायचं म्हणजे, पण ही गोष्ट शिजवलेली नसते. ट्यूब किंवा डबा असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर न उघडता बाहेर चालतं की नाही ते छापलेलं असतं, तसं करा. आणि डब्यातली असेल तर एकदा नीट वाचा, कारण इथे डब्यात मिळणारी दाबलेली कॉड रो बऱ्याचदा धुरातली नसतेच, ती शिजवलेली असते, आणि ती मात्र चकत्या करून खुशाल तळता येते.

आता ही वस्तू काय आहे ते सांगते. कॉड मादीची गाबोळी, दोन लांबट पाकळ्या वर जोडलेल्या, आपल्याकडे रावसाची किंवा घोळीची असते साधारण तशीच. ती पापुद्र्यासकट मिठात मुरवतात आणि मग थंड धुरात टांगतात. थंड म्हणजे धूर साधारण तीस डिग्रीच्या आतच ठेवायचा, म्हणजे गाबोळी शिजत नाही, फक्त पाणी कमी होतं आणि धुराचा वास आतपर्यंत जातो. बाहेरून ती तपकिरी, सुरकुतलेली, जवळजवळ चामड्यासारखी दिसते. सुरीने चिरली की आत एकदम मऊ, चिकट, फिकट नारिंगी लगदा, आणि जिभेवर घेतलं की रव्यापेक्षाही बारीक दाणा लागतो. शिंगाळ्याच्या गाबोळीचे गोट्यांएवढे मणी बघितलेल्या माणसाला ही अंडीच आहेत हे आधी पटत नाही.

आपल्याकडे हा प्रकार का नाही? माझ्या मते कारण साधं आहे, आपल्याकडे ऊन आहे. बोंबील, सुकट, सोडे, सगळं उन्हात होतं. उत्तरेच्या समुद्राकडे ऊन बेभरवशाचं. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा थंड वाऱ्यात लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात, पण गाबोळीत तेल जास्त, ती नुसती वाळवली तर खवट होते, म्हणून मीठ आणि धूर.

तळायचा प्रश्न. मी इथे आल्यावर पहिल्यांदा हेच केलं होतं. हळद, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, वरून सवयीने मीठ, रव्यात घोळवून तव्यावर. आई करायची अगदी तसंच, फक्त आई गाबोळी आधी चाळणीत वाफवून वड्या पाडून घ्यायची, नाहीतर ती तडतडून अंगावर उडते. तर ही स्मोक्ड रो तव्यावर गेली आणि आधी कडेने कडक झाली, मग आत रबरासारखी, धुराचा वास कडवट झाला आणि मीठ एवढं की दुसरा घास घेता येईना. सगळी फुकट गेली. तेव्हा कळलं की ही भाजी नाही, हे तोंडीलावणं आहे. लोणचं आपण वाटीभर घेत नाही, ताटाच्या कडेला घेतो, तसंच हिचं. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं, कशाबरोबर खायची तेही आणि पोषणाचा हिशोबही.

पोषणाचं बघू. ताज्या, न खारवलेल्या मिश्र माशांच्या गाबोळीत १०० ग्रॅममागे साधारण १४० कॅलरी, २२ ग्रॅम प्रोटीन, ६ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. बी१२ जवळपास १० मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे बघा. व्हिटॅमिन डी साधारण १२ मायक्रोग्रॅम, शिवाय सेलेनियम, कोलीन, आणि ओमेगा-३. गाबोळीतलं ओमेगा-३ बरंचसं फॉस्फोलिपिड या एका प्रकारच्या फॅटच्या रूपात असतं हे तिचं वैशिष्ट्य. कोलेस्टेरॉल ३७० मिलिग्रॅमच्या घरात. धुरातल्या गाबोळीत पाणी कमी झाल्यामुळे हे आकडे थोडे वर सरकतात.

पण १०० ग्रॅम कोणी खात नाही, खाऊही नये. तोंडीलावण्याचे २० ग्रॅम धरा, म्हणजे एक मोठा चमचा. त्यातून प्रोटीन मिळालं चारेक ग्रॅम, म्हणजे अंड्यापेक्षा कमी, त्यामुळे प्रोटीनसाठी खा म्हणून जे सांगतात ते मला पटत नाही. बी१२ मात्र तेवढ्यातच जवळजवळ दिवसाचं होऊन जातं. डी दोन-अडीच मायक्रोग्रॅम, जे अॅबर्डीनच्या हिवाळ्यात, दुपारी साडेतीनला अंधार पडतो तेव्हा, मला मोलाचं वाटतं. नॉर्वेत तर ज्या महिन्यांच्या नावात र आहे त्या महिन्यांत रोज चमचाभर कॉड लिव्हर ऑइल घ्यायची जुनी पद्धत आहे, सप्टेंबर ते एप्रिल. आपल्या सावळ्या कातडीला तिकडे ऊन अजूनच कमी पुरतं.

सासऱ्यांसाठी खरा प्रश्न कोलेस्टेरॉलचा नाही, मिठाचा आहे. ताज्या गाबोळीत सोडियम फारसं नसतं, खारवलेलीत ते कितीतरी पटीने वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि आपल्या घरात आमटी, लोणचं, पापड यातच ते संपतं. पाकिटामागे १०० ग्रॅमला मीठ किती ते छापलेलं असतं, त्याचा पाचवा भाग म्हणजे तुमचा चमचा. त्या दिवशी लोणचं-पापड बंद, आणि डॉक्टरांनी मीठ पूर्ण तोडायला सांगितलं असेल तर त्यांना देऊच नका. यूरिक अॅसिड वाढलेलं असेल त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एक, गाबोळीची अॅलर्जी माशाच्या अॅलर्जीपेक्षा वेगळी असू शकते, मासा पचतो म्हणून हीही चालेल असं नाही, लहान मुलांना पहिल्यांदा देताना अगदी कणभर द्या.

वहिनींना मात्र कच्ची देऊ नका. थंड धुरातल्या माशांत लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो, तो फ्रिजमध्येही वाढतो, आणि गरोदर बाईला त्याचा धोका जास्त, बाळापर्यंत जातो. इंग्लंडमध्ये गरोदर बायकांना थंड धुरातला मासा आतपर्यंत गरम वाफा येईस्तोवर शिजवल्याशिवाय खाऊ नका असंच सांगतात. खारट वस्तू शिजवून रबर करून खाण्यापेक्षा त्यांना ताजी गाबोळी वाफवून, मग तळून द्या. पोषण तेच मिळेल, मीठ तुमच्या हातात राहील.

आता कशात वापरायची. इंग्लंडमधे हिचा सगळ्यात मोठा उपयोग तारामासालाता, म्हणजे गाबोळी, पाव आणि तेल एकत्र वाटून केलेली, पावाला लावून खायची मऊ चटणी. मूळ पदार्थ ग्रीक, तिकडे त्यासाठी खारवलेली गाबोळी घेतात, कार्पची किंवा कॉडची, धुरातली नाही, आणि ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू होतात त्या सोमवारी लागाना नावाच्या चपट्या पावाबरोबर खातात. गंमत बघा, त्या उपवासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण माशाची गाबोळी चालते. ब्रिटिशांनी त्यात धुरातली कॉड रो घातली. दुकानात गुलाबी डबा मिळतो तो रंग घातलेला असतो, घरी केलं की फिकट पीच रंग येतो.

तारामासालाता मी अशी करते. १०० ग्रॅम गाबोळी मधोमध चिरायची आणि चमच्याच्या कडेने आतला लगदा खरवडून घ्यायचा, पापुद्रा टाकून द्यायचा, तो चिवट असतो आणि मिक्सरमध्ये वाटला जात नाही. फार खारट वाटली तर आख्खी असतानाच अर्धा तास थंड पाण्यात ठेवा. पावाच्या दोन स्लाइस, कडा काढून, पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यायच्या. लगदा, पाव, अर्ध्या लिंबाचा रस, कांद्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किसून, हे मिक्सरला फिरवायचं आणि मग तेल, साधारण पाऊण कप, अगदी बारीक धारेने, मिक्सर चालू ठेवून. इथे घाई केली की तेल सुटतं आणि परत एकजीव होत नाही. तेल बिनवासाचं घ्या, शेवटी दोन चमचे ऑलिव्ह ऑइल. मीठ अजिबात नाही. फुगून लोण्यासारखं झालं की झालं. हे मी घावण्यांबरोबर खाते, आणि खरं सांगते, गरम घावणं आणि हे थंडगार, पावापेक्षा कितीतरी छान लागतं.

नॉर्वेत प्रकार वेगळा. तिथे कॉडच्या गाबोळीची पेस्ट टूथपेस्टसारख्या ट्यूबमधे मिळते, खारवलेली, हलका धूर दिलेली, साखर आणि तेल घातलेली, काव्हियार म्हणतात तिला, पण महागड्या काळ्या कॅव्हियारशी तिचा संबंध नाही. पावाच्या स्लाइसवर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या आणि वर ट्यूबची नागमोडी रेघ, हा तिथल्या शाळेच्या आणि ऑफिसच्या डब्यातला अगदी रोजचा प्रकार. भावाने ट्यूब आणली असेल तर हेच करा. फक्त पोषणाचे वरचे आकडे ट्यूबला लावू नका, त्यात गाबोळी साधारण निम्मीच, बाकी तेल-साखर वगैरे.

ताज्या गाबोळीची एक रीत मात्र मी तिकडून शिकले ती तुमच्या खूप कामाची आहे. जानेवारी ते एप्रिल बारेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोटेनकडे येतो, त्याला स्क्रेइ म्हणतात, आणि तेव्हा घरोघरी मासा, त्याचं लिव्हर आणि गाबोळी असं उकडून एका ताटात खातात, मोल्ये म्हणतात. गाबोळी बेकिंग पेपरमध्ये घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधतात आणि मिठाच्या पाण्यात, पाणी खदखदू न देता, नुसतं हलत राहील इतपत आचेवर वीस-तीस मिनिटं ठेवतात. पापुद्रा फाटत नाही, दाणे सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी थंड झालेल्या गाबोळीच्या जाड चकत्या बटरमध्ये परततात. ही रीत मी सुट्टीत मालवणला जाऊन रावसाच्या गाबोळीवर केली, आणि आईने तेव्हापासून चाळणी सोडून कागद धरलाय.

स्मोक्ड रो घरी अजून कशात? उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि वर नखाएवढी. पास्त्यात घालायची तर गॅस बंद करून, बटरमध्ये कालवून, शिजवायची नाही. आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर. पेजेला भाजलेला सुका बांगडा चालतो ना, त्याच जागी ही. गरम पेज, बिनमिठाची, आणि वाटीच्या कडेला वाटाण्याएवढा गोळा, बोटाने घेत घेत.

भावाचं पाकीट टाकावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. ताजी गाबोळी वर सांगितली तशी कागदात शिजवा, चकत्या पातेल्यात मांडा, मधे वाटीत निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडा आणि पाच मिनिटं झाकण लावा. ही धुरी फक्त वासापुरती आहे, तिने गाबोळी टिकत नाही, त्यामुळे त्याच दिवशी संपवा. मग लिंबू पिळून खा. वहिनींना द्यायची असेल तर धुरीनंतर तव्यावर परत एकदा चांगली गरम करा. खिडकी उघडी ठेवा, वास दोन दिवस घरात राहतो.