गोवा, गंगटोक की काठमांडू: ब्लॅकजॅकचे नियम कुठे बरे आहेत?

नागपूरहून मित्रमंडळी मिळून निघणार आहात, आणि गोवा, गंगटोक, काठमांडू यांपैकी ब्लॅकजॅकचे नियम व खेळण्याची परिस्थिती कोठे बरी आहे, असा आपला प्रश्न आहे. शहराच्या किंवा कॅसिनोच्या नावावरून याचे उत्तर देणारी मंडळी बहुधा तिथल्या बुफेचे गुणगान करीत असतात. नियम टेबलागणिक बदलतात. एकाच दालनात शेजारी लागलेल्या दोन टेबलांवर ते वेगळे असू शकतात, आणि शनिवारी रात्री किमान रक्कम वाढवलेली असू शकते ती वेगळीच. तेव्हा तुलना करायची ती टेबलांची.

या खेळात एकवीस न ओलांडता डीलरहून, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याहून, मोठी बेरीज करायची असते. पहिली नजर टाकावी ती ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या मोलाचे पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा), लागल्यावर किती मिळते यावर. टेबलावरच्या कापडावर तीनास दोन छापले आहे की सहास पाच, एवढ्यावर निम्मा निर्णय होतो. हजार रुपये लावले असता पहिल्या टेबलावर दीड हजार मिळतात, दुसऱ्यावर बाराशे. सहा कॅटच्या खेळात ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो, म्हणजे हा तीनशेचा फरक दर डावाला सुमारे १४ रुपये, अर्थात १.४ टक्के पडतो. बऱ्या नियमांच्या टेबलावर तक्त्याप्रमाणे, म्हणजे कोणत्या पानांवर काय करावे याच्या ठरलेल्या यादीप्रमाणे, खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोची आघाडी, म्हणजे लावलेल्या रकमेवरचा त्याचा सरासरी नफा, मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. सहास पाचच्या टेबलावर ती जवळजवळ चौपट होते. असे टेबल कितीही मोकळे असो, तेथे बसू नये.

बाकीचे नियम छोटे आहेत, पण साचत जातात. सॉफ्ट सतरावर, म्हणजे एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर, डीलर पान ओढत असेल तर आपला सुमारे ०.२ टक्के तोटा होतो. स्प्लिटनंतर (जोडी फोडून दोन डाव केल्यावर) डबल (रक्कम दुप्पट करून एकच पान घेणे) करू देत असतील तर ०.१४ टक्क्यांच्या आसपास फायदा होतो. सरेंडरची, म्हणजे अर्धी रक्कम देऊन डाव सोडण्याची, सोय असेल तर आणखी थोडे हाती लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डीलर सुरुवातीला एकच पान घेतो की दुसरे उपडे ठेवतो. एकच घेत असेल आणि शेवटी त्याला ब्लॅकजॅक लागला, तर आपण डबल किंवा स्प्लिटसाठी टाकलेली जादा रक्कमही बहुतेक ठिकाणी जाते. इंटरनेटवर मिळणारे तक्ते प्रायः अमेरिकी, म्हणजे दुसरे पान उपडे ठेवण्याच्या, पद्धतीचे असतात. एक-पानी टेबलावर ते जसेच्या तसे वापरू नयेत. तेथे डीलरकडे एक्का किंवा दश्शीच्या मोलाचे पान असताना अकरावर डबल करू नये आणि आठांची जोडी फोडू नये, नुसते पान मागावे.

परिस्थितीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो की भरलेले टेबल चांगले. हे ऐकून लोक हसतात, पण हिशेब सरळ आहे. आघाडी अर्ध्या टक्क्याची आणि डावाला हजार रुपये धरले, तर तासाला साठ डावांत सरासरी तीनशे रुपये जातील. एकटेच डीलरसमोर बसलात तर डाव सहज दुपटीहून अधिक होतात आणि तोटाही त्याच प्रमाणात वाढतो. पाने सतत पिसणारे यंत्र असेल तर पिसण्यासाठी लागणारी विश्रांतीही उरत नाही.

परंतु भरलेल्या टेबलावर माणसे असतात, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे. मी नागपुरात आयुष्यभर सांख्यिकी शिकवली. माझे साडू इतवारीत ठोक व्यापार करतात. माणूस दिलदार, पण दिवाळीच्या तीन पत्तीपलीकडचे सगळे पत्त्यांचे ज्ञान त्यांनी ऐकून मिळवलेले. दोन्ही कुटुंबे गोव्याला गेली असताना आम्ही दोघे मांडवीतल्या एका जहाजावर ब्लॅकजॅकला बसलो. मी शेवटच्या खुर्चीवर, म्हणजे डीलरच्या लगेच आधी पान घेणारा. डीलरसमोर दुर्री होती. साडूंनी अकरावर रक्कम डबल केली, त्यांना अठ्ठी आली, एकूण एकोणीस. माझ्याकडे दश्शी आणि दुर्री, म्हणजे बारा. मी पान मागितले. राजा आला आणि मी बस्ट झालो, म्हणजे एकवीसच्या वर गेलो. डीलरने स्वतःसाठी पाने काढली, आधी नश्शी, मग राणी. एकवीस. टेबलावरचे सगळे गेले.

त्यानंतर जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाही. दोन खुर्च्या पलीकडचा, आमची कसलीही ओळख नसलेला एक गृहस्थ म्हणाला की शेवटच्या खुर्चीवरच्याने डीलरचे पान खाल्ले. साडूंनी ते वाक्य उचलले. ‘भाऊसाहेब, तो राजा डीलरचा होता, तुम्ही टेबल मोडले,’ असे ते त्या रात्री म्हणाले, आणि तेव्हापासून फराळाला, लग्नाला, नातवाच्या मुंजीलाही म्हणत आले आहेत.

आता पाने मांडून पाहा. मी पान घेतले नसते तर राजा डीलरला गेला असता: दोन आणि दहा, बारा. त्यापुढचे पान नश्शी होते. बारा आणि नऊ, एकवीस. साडूंचे डबल माझ्या पानासह गेले, माझ्या पानाशिवायही गेलेच असते. पण त्यांच्या आठवणीतून ती नश्शी केव्हाच नाहीशी झाली आहे. त्यांच्या कथेत राजानंतर थेट राणी येते आणि डीलर बावीसवर बस्ट होतो. व्यापाऱ्याला रोकड वहीतली एक ओळ गाळलेली चालत नाही, येथे मात्र चालते.

शिवाय माझे पान मागणे योग्यच होते. डीलरकडे दुर्री असताना तो बस्ट होण्याची शक्यता साधारण ३५ टक्के असते, म्हणजे बारावर थांबणाऱ्याला हजारामागे सरासरी सुमारे २९३ रुपयांचा तोटा आहे. पान मागणाऱ्याचा तोटा सुमारे २५३ आहे, कारण बारावर बस्ट करणारी पाने तेरापैकी चारच प्रकारची असतात. दोन्हीकडे तोटाच, मी कमी तोट्याचा मार्ग घेतला. तिर्रीसमोरही बारावर पान मागावे. चार, पाच, सहासमोर थांबावे. हा तक्ता माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतील चार जणांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर बसून तो काढला आणि १९५६ मध्ये तेथील सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, हे मी साडूंना सांगितलेही आहे. ते म्हणाले, ते चौघे आपल्या टेबलावर नव्हते.

शेवटच्या खुर्चीचा दोष मानणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. साडू स्वतः भिशी चालवतात. डब्यातली चिठ्ठी आधी कोणी काढली यावरून नंतरच्या सभासदाची संधी कमी होते, असे त्यांच्याकडे आजवर कोणी म्हटलेले नाही. म्हटले असते तर त्यांनीच त्याला गप्प केले असते. न पाहिलेली पाने तशीच असतात. मी एक पान उचलल्याने डीलरला वाईट पान मिळण्याचा जितका संभव, तितकाच चांगले मिळण्याचा. माझ्यामुळे डीलर बस्ट झाला असे डावही त्या रात्री झाले, त्याचे श्रेय मला कोणी दिले नाही.

म्हणून मित्रांसोबत जात असाल तर माझा सल्ला असा की शेजारी बसू नका, वेगवेगळ्या टेबलांवर बसा. शेजारी बसायचेच असेल तर प्रत्येकाने आपला तक्ता आधी पाठ करावा आणि दुसऱ्याच्या पानावर बोलू नये, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. इन्शुरन्स, म्हणजे डीलरकडे एक्का दिसत असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज, कोणीही घेऊ नये. सहा कॅटमध्ये त्यावर कॅसिनोची आघाडी सुमारे ७.४ टक्के असते. ‘तुमच्याकडे चांगले पान आहे, विमा काढून ठेवा’ असे सांगणारा माणूस प्रत्येक टेबलावर भेटतो. आमच्या टेबलावर तो कोण होता, हे वाचकांनी ओळखले असेलच. जोडीवर किंवा पहिल्या तीन पानांवर लावायच्या बाजूच्या पैजांवरही कॅसिनोची आघाडी मूळ खेळाहून बरीच जास्त असते.

राहता राहिली ठिकाणे. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ साली झालेल्या दुरुस्त्यांनुसार किनाऱ्यावरील पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि पाण्यातील जहाजांवर टेबलाचे खेळ, अशी विभागणी आहे. पत्ते वाटणारा डीलर हवा असेल तर जहाजच धरावे, आणि टेबलांची निवड मिळते ती तेथेच. वयाची अट २१ वर्षांची आहे. गंगटोकचे कॅसिनो हॉटेलांत आहेत आणि लहान आहेत. केवळ ब्लॅकजॅकसाठी नागपूरहून इतके दूर जाण्यात अर्थ नाही, कांचनजंगा पाहायला जात असाल तर गोष्ट वेगळी. काठमांडूत नेपाळी नागरिकांना खेळायला मनाई असल्याने गिऱ्हाईक प्रामुख्याने आपल्याकडचे असते. तेथे फलकावरचा आकडा भारतीय रुपयांत आहे की नेपाळी, हे आधी विचारावे, कारण आपले शंभर म्हणजे तिकडचे १६०. आपल्या महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला, त्यामुळे जवळचा पर्याय नाही.

एक मोठी अट या सगळ्या दशांश टक्क्यांवर पाणी फिरवते. भारतातील कॅसिनोंवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे आणि तो चिप्स विकत घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर मोजला जातो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांवर तो दुसऱ्यांदा लागत नाही. कॅसिनो हा कर वेगळा घेतो की प्रवेशाच्या पॅकेजमध्ये धरतो, हे काउंटरवरच स्पष्ट करून घ्यावे, आणि पॅकेजमधील चिप्स रोखीत बदलून मिळतात की एकदाच लावायच्या असतात, तेही. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर व त्यावरचा उपकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. हा हिशेब मांडल्यावर कदाचित आपण काठमांडूचे तिकीट काढाल. तेथेही बसण्यापूर्वी तीनास दोन की सहास पाच हे कापडावर वाचून घ्या. न दिसल्यास डीलरला विचारा, तो सांगतो.