‘रांचेरा’ आणि आपली पंगत

मेक्सिकोचे गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेस (१९२६-१९७३) यांना ‘मारियाची गायक’ म्हणावे की ‘रांचेरा गीतकार’, आणि रांचेरा म्हणजे गुराख्यांची गाणी का, असे एका वाचकाने विचारले आहे.

मारियाची हे वादकांच्या ताफ्याचे नाव आहे. ते एकट्या माणसाला चिकटवण्याची खोड आता सुटायला हवी. हिमेनेस यांच्याच ‘एया’ या गाण्यात प्रेमभंग झालेल्या नायकाला मारियाची आणि टकीला मिळून रडवतात. म्हणजे गाणारा वेगळा आणि मारियाची वेगळे. शिवाय हिमेनेस यांना एकही वाद्य येत नसे. त्यांनी चाल गुणगुणावी आणि संगीतकार रुबेन फुएन्तेस यांनी ती ताफ्यासाठी बांधावी, अशी रीत होती. ‘मारियाची’ या शब्दाचे मूळ फ्रेंच ‘मारियाज’ म्हणजे विवाहात शोधणाऱ्या पंडितांनी निदान सनावळी पाहायची होती. फ्रेंच फौजा मेक्सिकोत उतरल्या त्या १८६२च्या सुमारास, आणि ‘मारियाची’ नावाच्या धांगडधिंग्याबद्दल एका पाद्र्याने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली ती १८५२ मध्ये.

खरी गंमत ‘रांचेरा’त आहे. हा शब्द ‘रांचो’वरून आला, आणि रांचो म्हणजे गुरांचा मळा एवढेच सांगून बहुतेक कोशकार हात झटकतात. परंतु स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘अनेकांसाठी एकत्र रांधलेले अन्न’ आणि ‘ते एकत्र बसून खाणारी मंडळी’ असेही त्याचे अर्थ आहेत, आणि त्याची व्युत्पत्ती ‘रांग’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापर्यंत जाते. आपल्याकडे ‘पंक्ती’ची पंगत झाली ती नेमकी याच वाटेने! म्हणून रांचेराला मी, कोशकारांचा रोष पत्करूनही, पंगतीतले गाणे म्हणतो. दोलोरेस इदाल्गो या गावी औषधविक्रेत्याच्या घरी जन्मलेले, वडिलांच्या निधनानंतर राजधानीत आलेले, फुटबॉलमध्ये गोलरक्षक राहिलेले हिमेनेस एका खाणावळीत वाढप्याचे काम करीत आणि तिथेच आपली गाणी ऐकवीत. १९५० मध्ये गायक आंद्रेस उएस्का यांनी त्यांचे ‘यो’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि नाव झाले. त्यांच्या गाण्यांत गुरे शोधूनही फारशी सापडत नाहीत. सापडतो तो गुत्ता, भरलेला पेला आणि शेजारी बसून ऐकणारा सोबती.

तेव्हा त्यांना रांचेरा गीतकारच म्हणावे, आणि नाव कृपया ‘जोस जिमेनेझ’ असे लिहू नये.