नऊ नावांचा सातबारा आणि साडेचार लाखांचा इसार

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा वकील म्हणून आणि एकदा उगाचच, कारण ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून गाडी फेरीबोटीत टाकून वेश्वी, हर्णैला संध्याकाळचा लिलाव, दाभोळहून धोपावे आणि शेवटी गुहागरच्या पुढे एका वाडीत ते चिऱ्याचं घर, हा सगळा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. रिटायर झाल्यावर अकरा दिवस दोघंच फिरलात, छान केलंत. इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, मात्र बाराव्या दिवशी द्यायला हवा होता.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. घर आणि 18 गुंठे माड-पोफळीची वाडी, किंमत ठरली 42 लाख. पडवीत चहा झाला, घर दाखवणारे गृहस्थ म्हणाले मीच बघतो सगळं, आणि काकांनी 500 च्या स्टॅम्पवर इसार पावती करून 3 लाख चेकने आणि दीड लाख रोख दिले. पावतीत लिहिलंय की 90 दिवसांत खरेदीखत झालं नाही तर इसार जप्त. पुण्याला परत आल्यावर मुलाने ऑनलाइन सातबारा काढला तर त्यावर नऊ नावं, त्यातल्या मुंबईच्या बहिणीचा फोन आला की मी सही करणार नाही, आणि एजंट म्हणतो दुसरा हप्ता टाका, बहिणीचं मी बघतो, शेतकरी दाखलापण काढून देतो. 61 दिवस गेलेत.

तर पहिलं, दुसरा हप्ता टाकू नका. एक रुपयाही नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्या जप्तीच्या ओळीची वाटतेय असं दिसतं, पण तिचं एवढं टेन्शन घेऊ नका. इसार जप्त होतो तो घेणाऱ्याने पाठ फिरवली तर. इथे विकणाऱ्याकडेच विकायला पूर्ण माल नाहीये, नवातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने पैसे घेतलेत. स्वतःचं टायटल क्लिअर नसताना तो तुमचे पैसे दाबून बसू शकत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर दिलेल्या पैशाचा बोजा, म्हणजे त्या मिळकतीतून वसुलीचा हक्क, त्याच्या हिश्श्यावर मागायची सोय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र आहे असं ते म्हणतात. झेरॉक्स मागा आणि तारखा बघा, त्या नवातले दोघं वारलेत असं तुम्हीच पुढे लिहिलंय, आणि मुखत्यारपत्र देणारा गेला की सहसा त्याच्यापुरतं ते पत्रही जातं, मग त्याच्या वारसांच्या सह्या लागणार, म्हणजे नऊचे चौदा पण होतील.

आता बहीण. विकणारे म्हणतायत, तिच्या लग्नाला 40 वर्षं झाली, तिचा काय संबंध. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगी 1956 च्या वारसा कायद्यापासून वारस आहेच, वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा निकालात सांगून टाकलं की 2005 ला वडील हयात असायची पण गरज नाही. त्यामुळे "बहिणीचं मी बघतो" याला कायद्यात काही अर्थ नाही. ती बाई तुमची शत्रू नाही हो, उलट तिने फोन करून तुमचे साडेसदतीस लाख वाचवलेत.

एजंट आणखी एक सुचवेल, आत्ता एकट्याचा हिस्सा घ्या, घरात राहायला जा, बाकीचे येतील हळूहळू. अजिबात नको. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला त्या घरात इतरांबरोबर ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो लावला की 1893 च्या वाटप कायद्याने घरचे लोक कोर्ट ठरवेल त्या किमतीत तुमचा हिस्सा काढून घ्यायला मागू शकतात. वय 66 आहे तुमचं. वाटपाचे दावे किती वर्षं चालतात ते मी इथे लिहीत नाही, काकूपण वाचत असतील.

तुमची खरी दुखरी नस वेगळीच आहे आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, "आम्ही दोघंही नोकरदार." वाडी शेतजमीन आहे, आणि कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. घर गावठाणात असेल तर घराचं वेगळं, पण वाडीला हे लागूच. समोरचा वकील हाच मुद्दा काढणार की खरेदी करायला तुम्हीच अपात्र होता, मी त्यांच्याकडून असतो तर पहिल्या पानावर काढला असता. त्यावर उत्तर आहे, करार मुळातच कायद्यात बसत नाही असं नंतर कळलं तर घेतलेला पैसा परत करावा लागतो, करार कायद्याचं कलम 65, पण त्यावर वाद होईल. म्हणून नोटिशीत भर बहिणीच्या नकारावर आणि नऊ नावांवर ठेवायचा.

आणि एजंटचा शेतकरी दाखला घेऊ नका, हात जोडून सांगतो. खोटा दाखला निघाला तर खरेदीच बेकायदा ठरते, तहसीलदार चौकशी लावतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि फसवणुकीची केस तुमच्यावर.

पण काकूंच्या माहेरी साताऱ्याला शेती होती असं लिहिलंय ना, ते मला महत्त्वाचं वाटतं. काकूंचे वडील गेल्यावर वारस म्हणून त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलं होतं का, आणि चढलं असेल तर भावांना हक्कसोड करून दिलंय का, हे विचारा. बहुतेक बहिणींनी प्रेमाने करून दिलेलं असतं. दिलं नसेल तर काकूंचा खरा दाखला निघू शकतो, मग वाडी काकूंच्या एकटीच्या नावावर घ्यायची, तिथे दोघांच्या नावाचा हट्ट सोडा.

समुद्र पडवीतून दिसतो म्हणून घर आवडलं, तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरचे निर्बंध, पण बघून घ्या. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात बांधकामबंदी भरतीरेषेपासून 50 मीटरपर्यंत आणली आहे, पण ही सूट 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तिथेच, आणि त्या वाडीत गणपतीला सगळे चाकरमानी आले तरी तेवढी माणसं होणार नाहीत, म्हणजे बंदी 200 मीटर धरून चाला. त्या पट्ट्यात असलेलं अधिकृत घर आहे त्या जोत्यावर दुरुस्त करता येतं, पण मागे दोन नव्या खोल्या काढायचा तुमचा जो बेत आहे तो विसरा. घरपट्टीचा उतारा आहे असं सांगतील, तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानगीचाही नाही.

आता करायचं काय. 90 दिवस संपायच्या आत वकिलामार्फत नोटीस, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरपण, की पंधरा दिवसांत सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचं रजिस्टर साठेखत (विक्रीचा करार) करून द्या नाहीतर साडेचार लाख परत करा. साठेखताला ते तयार झालेच तर आधी माहेरचा प्रश्न सुटलेला हवा, मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस तर हवीच, आणि गाडी ज्या अंगणातून आत नेलीत ती वाट कुणाची हेही बघा. रोख दीड लाख पावतीत नाहीत, तिथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, पण एजंटचा "दीड पोचले" असा मेसेज आहे म्हणालात, तो चॅट डिलीट करू नका आणि पैसे परत येईपर्यंत फोन बदलू नका. मालमत्तेपोटी 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकरात चालत नाही आणि दंड घेणाऱ्याला बसतो, त्यामुळे ही ओळ नोटिशीत दिसली की बरेच लोक बोलायला तयार होतात असा माझा अनुभव आहे. नाहीच आले तर वसुलीचा दावा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही.

घाई नोटिशीची आहे, 29 दिवस उरलेत. साताऱ्याच्या मेव्हण्यांना आजच फोन करा, आणि फोन काकूंना करू द्या.