कुरकुर करावी, पण कोणापाशी?

प्रश्न : ताई, यजमानांची नोकरी गेल्यापासून घरभाडं थकलंय. रोज प्रार्थना करते, पण दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असतो. यांच्यावर, सासरच्यांवर, देवावरसुद्धा. जाऊबाई म्हणतात, कुरकुर करणाऱ्याचं देव ऐकत नाही. शिवाय त्याला सगळं ठाऊक आहेच, मग मागायचं तरी कशाला?
– एक वाचक

उत्तर : जाऊबाईंना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय वाचायला द्या. अरण्यात इस्राएल लोकांनी मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, मांसाच्या हंड्या आठवून भरपूर कुरकुर केली, तरी सकाळी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडलाच. तेव्हा ‘ऐकत नाही’ हे काही खरं नव्हे.

तुम्ही मात्र बायबलमधल्याच गणना या पुस्तकाचा 11 वा अध्याय काढा. तिथं लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडताहेत आणि त्यांचा पुढारी मोशेही पार वैतागलाय. या सगळ्यांना मी जन्म दिला का, एवढ्यांना मांस कुठून आणू, हे ओझं मला एकट्याला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारूनच टाक, असं तो थेट देवाला सुनावतो. तंबूच्या दाराशी रडणाऱ्यांपेक्षा त्याचीच भाषा जास्त कडक, नाही का? पण त्याने ती देवासमोर काढली. देवाने त्याला झापलं नाही. सत्तर वडीलधारी माणसं नेमून ओझं वाटून दिलं. मांस लोकांनाही मिळालं, पण ते दाताखाली असतानाच मरी आली.

म्हणून तुमचा पट्टा चालू द्या, फक्त तोंड देवाकडे करा. यजमानांना त्यातून वगळा. नोकरी गेल्याचं त्यांना रोज वेगळं ऐकवायला नको.

मागायचं कशाला? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात येशू म्हणतो, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक असते. आणि लगेच शिकवतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ त्याला यात विसंगती दिसली नाही, तर आपण कशाला शोधावी? तेव्हा ‘सगळं नीट कर’ असं मोघम नको. किती भाडं, कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट सांगा.

मागाल ते मिळेलच असं मी लिहून देणार नाही. येशूचा प्रेषित पौल याने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, तो निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं.

आणि हो, घरमालकालाही उद्याच भेटून मुदत मागा. मोशेचं ओझं माणसांनीच वाटून घेतलं होतं.