वनस्पती तेलापासून जिवाणूंच्या मदतीने प्लास्टिक कसं तयार होतं? ते खरंच कुजतं का?

तुम्ही विचारलंय की तेलाचं प्लास्टिक आणि जिवाणूंचं प्लास्टिक एकच की वेगळं, ते बनतं कसं, मातीत खरंच मिसळतं का आणि घरी करून बघता येईल का. मी किण्वनाच्या प्रयोगशाळेत याच जिवाणूंवर काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पहिला गुंता सोडवू. तेलापासून प्लास्टिककडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एका वाटेत तेलावर थेट रासायनिक प्रक्रिया करतात. एरंडेल तेलापासून नायलॉन-११ असंच बनतं. कच्चा माल शंभर टक्के वनस्पतीचा, पण तयार झालेलं नायलॉन कुजत नाही. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून बनतं आणि तरीही कंपोस्टमध्ये विघटित होतं. कच्चा माल कुठला होता, याचा कुजण्याशी संबंध नाही. सूक्ष्मजीवांच्या विकरांना (एन्झाइमना) त्या रेणूतले बंध तोडता येतात का, एवढाच प्रश्न असतो. बाजारात ‘वनस्पतीजन्य’ आणि ‘जैवविघटनशील’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या वाटेत तेल हे जिवाणूंचं अन्न असतं आणि प्लास्टिक ते स्वतः बनवतात. या पदार्थांच्या कुटुंबाला पीएचए (पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट) म्हणतात आणि त्यातला सगळ्यात साधा सदस्य म्हणजे पीएचबी. तो १९२०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेम्वान्य यांना बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत सापडला. जिवाणू तो कशासाठी बनवतो? आपलं शरीर चरबी साठवतं, त्याच कारणासाठी. कार्बन भरपूर आहे, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आलाय, अशा वेळी पेशीला नवी प्रथिनं बनवून वाढता येत नाही. मग ती उरलेला कार्बन पॉलिस्टरच्या कणांच्या रूपात बाजूला ठेवते. क्युप्रिअव्हिडस नेकॅटर हा जिवाणू यात इतका तरबेज आहे, की त्याच्या कोरड्या वजनाचा ८० टक्के भाग पीएचबी असू शकतो.

आता तेलच का? साखर पाण्यात विरघळते, हाताळायला सोपी. पण ग्लुकोजच्या सहा कार्बनपैकी दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात, तेव्हा कुठे पीएचबीचा कच्चा घटक तयार होतो. त्यामुळे एक किलो ग्लुकोजपासून कागदावरही साधारण ४८० ग्रॅमच पीएचबी मिळतं, प्रत्यक्षात ३०० ते ४००. तेलातल्या मेदाम्लांची (फॅटी ॲसिडची) साखळी मात्र दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांत तुटते आणि त्या तुटण्यात कार्बन वाया जात नाही. म्हणून एक किलो तेलापासून ६०० ते ८०० ग्रॅम पीएचए मिळू शकतं.

पण फर्मेंटरपाशी उभं राहिलं की तेल आपला त्रास दाखवतं. ते पाण्यावर तरंगतं. जिवाणू लायपेज हे तेल तोडणारं विकर सोडून त्यातली मेदाम्लं मोकळी करतात, आणि त्यांच्यामुळे तेल पाण्यात बारीक थेंबांत पसरतं. पण ते होईपर्यंत वाढ रेंगाळते, म्हणून प्रयोगशाळेत कधी कधी सुरुवातीला बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक घालून तेल मिसळून घेतात. तेल जाळायला साखरेपेक्षा ऑक्सिजनही जास्त लागतो. हवा वाढवावी, तर फेस वर चढतो. शिवाय उष्णता इतकी निर्माण होते की टाकी सतत थंड करावी लागते.

खरी परीक्षा त्यानंतर असते. प्लास्टिक पेशीच्या आत आहे, ते बाहेर कसं काढायचं? क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं तर शुद्ध मिळतं, पण एवढं विषारी द्रावक वापरून पर्यावरणपूरक वस्तू बनवणं मला पटत नाही. हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचमधल्या द्रव्याने, पेशी फोडता येतात, पण प्रमाण चुकलं तर पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात. साबणासारखी द्रव्यं आणि विकरं वापरण्याच्या पद्धती सौम्य आहेत, पण त्यात धुण्याचं पाणी फार लागतं. शिवाय उरलेलं तेल नीट काढलं नाही, तर माल चिकट होतो आणि त्याला खवट वास येतो. हे प्लास्टिक नेहमीच्या पॉलिप्रॉपिलीनपेक्षा इतकं महाग पडतं, त्यात या टप्प्याचा वाटा मोठा आहे.

शुद्ध पीएचबी ठिसूळही असतं. ताणलं तर मूळ लांबीच्या जेमतेम पाच टक्के वाढून तुटतं. ते साधारण १७५ ते १८० अंशांना वितळतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की बिघडू लागतं, त्यामुळे साच्यात घालणाऱ्याला फार सांभाळून काम करावं लागतं. यावर उपाय म्हणजे साखळीत दुसरा घटक मिसळणं. आयसीआय कंपनीने साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्ल देऊन ‘बायोपॉल’ बनवलं, आणि १९९०मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शॅम्पूच्या बाटल्या त्यापासून निघाल्या. तेलाची खरी गंमत मला इथे वाटते. मेदाम्लं तुटताना मधल्या टप्प्यावर सहा कार्बनांचे तुकडेही तयार होतात. एरोमोनास कॅव्हिए या जिवाणूचं विकर ते तुकडे उचलून साखळीत गुंफतं, आणि प्लास्टिक लवचीक होतं. कानेका ही जपानी कंपनी वनस्पती तेलापासून अशाच जातीचं, सहा कार्बनांचे तुकडे गुंफलेलं प्लास्टिक बनवते, त्याला पीएचबीएच म्हणतात.

कुजण्याबद्दल: पीएचए तोडणारे जिवाणू आणि बुरशा मातीत असतात, समुद्राच्या पाण्यातही असतात. पीएलए या दुसऱ्या वनस्पतीजन्य प्लास्टिकला मात्र साधारण ६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. तरी ‘किती दिवसांत’ याला एकच उत्तर नाही. उबदार, जिवंत मातीत पातळ फिल्म काही महिन्यांत जाते, जाड बाटलीला वर्षं लागू शकतात, आणि हवा नसलेल्या कचऱ्याच्या ढिगात त्यातून मिथेन निघतो. वेष्टनावर ‘ईएन १३४३२’ हे युरोपीय मानक दिसलं, तर ती परीक्षा औद्योगिक कंपोस्टची आहे, सहा महिन्यांत ९० टक्के विघटनाची. रस्त्याकडेला टाकलेल्या पिशवीबद्दल ती काही सांगत नाही.

माझं मत विचाराल, तर हे प्लास्टिक सगळीकडे वापरायची गरज नाही. जिथे वस्तू परत गोळा करणं जवळपास अशक्य असतं, म्हणजे शेतातलं आच्छादन, रोपांच्या कुंड्या, मासेमारीची साधनं, तिथे ते जरूर यावं. आणि त्यासाठी तळणीचं वापरलेलं तेल किंवा तेल कारखान्यातला टाकाऊ मेद घ्यावा. जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल घेऊन हे करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

घरी करायचं म्हणाल, तर पीएचए नाही जमणार. स्टार्च आणि ग्लिसरीन शिजवून जी फिल्म बनवतात, ती वेगळी गोष्ट आहे. पण कॉलेजची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा मिळत असेल, तर कमी नायट्रोजनच्या माध्यमात, भरपूर ग्लुकोज घालून, बॅसिलस मेगाटेरियम वाढवा. स्लाइडवर सुदान ब्लॅक हा कणांना रंगवणारा रंग लावा आणि नंतर पेशी रंगवणारा सॅफ्रानिन. गुलाबी पेशींमध्ये पीएचबीचे काळसर कण दिसतील.